मार्फत ५६ एपीओ

परदेशात तैनात असलेल्या आपल्या जवानांना आभाराचं पत्र पाठवायचं मनात येतं, तेव्हा बहुतेकांचं घोडं पत्त्यापाशी अडतं. सोलापुरातल्या एखाद्या शाळेत चाळीस मुलं रंगपेट्या काढून बसतात, कार्डं तयार होतात, बाई ती गोळा करतात आणि मग पाकिटावर नेमकं काय लिहायचं यावर सगळं थांबतं. 'भारतीय सैनिक, लेबनॉन' एवढ्या पत्त्यावर पाकीट पोचत नाही. पोचू नये अशीच ती व्यवस्था आहे, कारण पलटण कुठं आहे हे पाकिटावरून कळता कामा नये. म्हणून आधी ती व्यवस्था समजून घ्यावी. ती कळली की निम्मं काम झालं.

पिनकोडचा पहिला आकडा विभाग सांगतो. सोलापूरचा ४१३००१ घेतला तर त्यातला ४ आपला. ९ हा आकडा मात्र नकाशावरच्या कुठल्याच प्रदेशाचा नाही, तो सैन्याच्या टपालासाठी राखून ठेवलेला आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला आणि त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या कोकणातल्या मराठी माणसानं केली. हे संस्कृतचे मोठे पंडित होते. त्याच वर्षी, १ मार्चला, सैन्य डाक सेवेला स्वतंत्र कोअरचा, म्हणजे सैन्याच्या वेगळ्या शाखेचा, दर्जा मिळाला. तिचं प्रशिक्षण केंद्र आपल्याच राज्यात, नागपूरजवळ कामठीला आहे आणि तिच्यातले बरेच लोक टपाल खात्यातून प्रतिनियुक्तीवर गेलेले असतात. म्हणजे आज गल्लीत पत्रं वाटणारा एखादा कर्मचारी उद्या वर्दी घालून हेच काम सीमेवर करू शकतो.

सैन्याचं टपाल दोन ठिकाणी गोळा होतं. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. दिल्लीच्या तळ टपाल कार्यालयाचं नाव ५६ एपीओ आणि कोलकात्याच्या कार्यालयाचं ९९ एपीओ. सोलापुरातून निघालेलं पाकीट आधी तिथं जातं. कुठली पलटण सध्या कुठं आहे हे तिथल्या माणसांना ठाऊक असतं, आपल्याला आणि वाटेतल्या कुणाला नसतं. तिथून ते त्या भागातल्या फील्ड पोस्ट ऑफिसकडे रवाना होतं आणि शेवटी पलटणीचा टपालाचा जवान ते घेऊन येतो. पाकिटावर 'मार्फत ५६ एपीओ' असलं की ते देशातल्याच दरात जातं. २० ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्राला ५ रुपयांचं तिकीट. खाजगी कुरिअरवाले एपीओच्या पत्त्यावर पोचवत नाहीत. ज्या पत्त्यात गावच नाही तिथं त्यांचा माणूस जाणार तरी कुठं? म्हणून टपाल खात्याशिवाय वाट नाही, आणि त्याचं वाईट वाटण्याचं काही कारणही नाही.

पत्त्याच्या ओळी अशा येतात : सैन्य क्रमांक, हुद्दा, नाव, पोटयुनिट म्हणजे कंपनी किंवा बॅटरी असेल तर तिचं नाव, पलटण, मार्फत ५६ किंवा ९९ एपीओ आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन. सगळ्यात जास्त चुका क्रमांकात होतात. जवानाच्या क्रमांकाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. ते पडताळणीसाठी असतं आणि घाईत लिहिताना नेमकं तेच गळतं. म्हणून पत्ता इंग्रजीत, छापील मोठ्या अक्षरांत लिहावा. आतलं पत्र कुठल्याही भाषेत असू द्या. हुद्दाही जसा सांगितला तसाच लिहावा. तोफखान्यातला गनर, इंजिनिअर्समधला सॅपर, चिलखती दलातला सवार, ग्रेनेडियर्समधला ग्रेनेडियर, या सगळ्यांना सरसकट 'शिपाई' म्हटलं तर पत्र पोचेल, पण त्या माणसाला त्याच्या हुद्द्याचा अभिमान असतो. पत्त्यात गावाचं, देशाचं, चौकीचं नाव स्वतःच्या मनानं घालू नये. 'लवकर पोचेल' म्हणून लोक ते घालतात आणि व्यवस्थेनं जे झाकलं तेच उघडं करतात.

हा पत्ता मिळतो कुठं? सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे जवानाचं घर. बार्शी, माढा, सांगोला, मंगळवेढा, करमाळा, अक्कलकोट, जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात चार गावं पालथी घातली तर फौजेत मुलगा असलेलं घर सापडतं. घरच्यांकडून पत्ता कागदावर लिहून घ्यावा, फोनवर ऐकून लिहू नये. कुणीच ओळखीचं नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, माजी सैनिकांच्या संघटना आणि कॉलेजातली एनसीसी या तीन दारांवर जावं. तिथं जाताना 'आम्हाला पत्ते द्या' असं म्हणू नये, ते देणार नाहीत आणि देऊही नयेत. 'आमच्याकडे एवढी पत्रं तयार आहेत, ती कुणामार्फत पाठवता येतील' असं विचारावं. पत्रं उघडी न्यावीत, सोबत शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीचं एक पत्र असावं. एवढ्यानं बहुतेक वेळा काम होतं.

आता परदेशातल्या तैनातीचं बोलू. भारताची फौज परदेशात प्रामुख्यानं संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली जाते. १९५० मध्ये कोरियाला ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स गेली तेव्हापासून आजवर २ लाख ९० हजारांहून अधिक भारतीयांनी अशा मोहिमांत काम केलं आहे आणि सुमारे १८० जण परत आलेले नाहीत. डिसेंबर १९६१ मध्ये कांगोत कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया पडले, त्यांना परमवीरचक्र मिळालं. दक्षिण सुदानमध्ये २०१३ च्या एप्रिलमध्ये गाड्यांच्या ताफ्याला सोबत करणारे पाच भारतीय एकाच हल्ल्यात गेले. याशिवाय भूतानमध्ये आपलं लष्करी प्रशिक्षण पथक आहे, सीमा सडक संघटनेचा दंतक प्रकल्प १९६१ पासून तिथं रस्ते बांधतो. आणि नौदल तर ऑक्टोबर २००८ पासून एडनच्या आखातात चाच्यांवर पहारा ठेवून आहे. जहाजावरच्या नाविकाचा पत्ता वेगळा असतो : जहाजाचं नाव आणि मार्फत फ्लीट मेल ऑफिस. जहाज कुठल्या समुद्रात आहे ते फ्लीट मेल ऑफिस बघून घेतं.

फौजेबरोबर टपालही परदेशी जाण्याची रीत जुनी आहे. १९५३ मध्ये कोरियात गेलेल्या आपल्या संरक्षक दलासाठी भारतीय तिकिटांवर देवनागरीत 'भारतीय संरक्षा कटक कोरिया' अशी अक्षरं छापली होती. पुढं कांगो आणि गाझातल्या तुकड्यांसाठीही अशी खास छपाईची तिकिटं निघाली. तिकिटं जमवणाऱ्यांच्या वह्यांत ती अजून बघायला मिळतात. शाळेत पत्रांचा उपक्रम घेताना अशा एखाद्या तिकिटाचं चित्र मुलांना जरूर दाखवावं. 'परदेशातली आपली फौज' म्हणजे काय हे भाषणापेक्षा त्या चिमुकल्या कागदावरून लवकर कळतं.

मिशनवरच्या तुकडीची मुदत साधारण वर्षभराची असते आणि पत्रं परत येण्याचं सर्वात मोठं कारण हेच. पत्ता बरोबर असतो, माणूस मायदेशी परतलेला असतो. म्हणून पत्ता घेताना 'तुकडी गेली कधी' हे विचारून ठेवावं. जाऊन दहा महिने झाले असतील तर तिकडं पाठवू नये, परतल्यावर त्याच्या मूळ पलटणीच्या पत्त्यावर पाठवावं. आभार तेव्हाही शिळे होत नाहीत. लेबनॉनबाबत आणखी एक : तिथली मोहीम ३१ डिसेंबर २०२६ ला थांबवायचं सुरक्षा परिषदेनं ऑगस्ट २०२५ मध्येच ठरवलं आहे, तेव्हा तिथं पाठवताना पत्ता चालू आहे ना हे दर वेळी विचारावं. निरीक्षक किंवा मुख्यालयातले अधिकारी तुकडीबरोबर न जाता एकेकटे जातात. त्यांच्या घरच्यांनी परदेशी पत्ता दिला तर आंतरराष्ट्रीय दराचं तिकीट लागतं, इथलं ५ रुपयांचं चालत नाही.

वेळेचं गणित सोलापुरात जरा विचित्र बसतं. संयुक्त राष्ट्रांचा शांतिसैनिक दिन २९ मे ला येतो. तेव्हा शाळांना सुट्टी असते, पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो आणि वर्गात कुणी नसतं. त्या दिवसासाठी पत्रं लिहायची तर ती मार्चमध्ये, परीक्षेच्या आधी लिहून घ्यावीत आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टाकावीत. परदेशी जाणाऱ्या पत्राला दीड महिना हाताशी ठेवावा. दिवाळीचं पत्र दसऱ्याच्याही आधी निघालेलं बरं.

पण मला विचाराल तर सोलापूरसाठी सगळ्यात योग्य वेळ डिसेंबरचा पहिला आठवडा. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९ पासून. आणि ९ डिसेंबर ही डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची पुण्यतिथी. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक सोलापूरकरांना सांगायला नको. ते सैनिक नव्हते, पण १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून चीनला गेले, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेच्या जखमींवर आघाडीवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले. चीनमधली माणसं त्यांचं नाव अजून आदरानं घेतात. परक्या मुलखात जाऊन परक्यांसाठी राबणं म्हणजे काय हे ज्या गावाला आपल्या माणसावरून ठाऊक आहे, त्या गावानं या दोन तारखांच्या आठवड्यात पत्रं लिहावीत, हे मला फार मनापासून वाटतं. ध्वजदिनाचा निधी तर शाळा गोळा करतेच. डब्याबरोबर एक कागदही जाऊ द्या.

मजकुराकडे वळताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. आजचा जवान रात्री व्हिडिओ कॉलवर घरच्यांशी बोलतो. त्याला बातमी नको आहे, खुशाली नको आहे. ज्याच्याशी आपलं काही नातं नाही अशा माणसानं आपल्यासाठी बसून चार ओळी लिहिल्या, एवढंच त्या पत्रातून त्याला मिळतं. म्हणून त्या ओळी लिहिणाऱ्याच्या हव्यात. फळ्यावर 'तुमच्या त्यागामुळे आम्ही सुखाने झोपतो' लिहून दिलं की चाळीसही कागदांवर तेच उतरतं आणि वाचणाऱ्याला दुसऱ्या कागदापासूनच ते कळतं. त्यापेक्षा मुलाला तीन प्रश्न द्यावेत : तू कोण, तुझ्या गावात आज काय चाललंय, आणि तुला कशाबद्दल आभार मानायचेत. उदाहरणार्थ, एखादी सहावीतली मुलगी असं लिहील : 'माझे बाबा यंत्रमागावर कामाला आहेत. रात्रपाळी असली की सकाळी घरी येतात तेव्हा त्यांच्या केसांत कापूस असतो. तुम्हालाही रात्रपाळी असते का? तिकडच्या मुलांना तुम्ही सांभाळता असं बाईंनी सांगितलं, म्हणून थँक्यू.' हे पत्र कुठलाही हवालदार खिशात ठेवेल.

जानेवारीत लिहायचं तर सिद्धेश्वराची यात्रा आहेच. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, सात नंदीध्वज, अक्षता सोहळा, गड्ड्यावरचे, म्हणजे जत्रेतले पाळणे. १५ जानेवारीचा सेना दिन नेमका याच दिवसांत पडतो. मुलांनी जे पाहिलं ते लिहावं.

टाळायच्या गोष्टीही सांगायला हव्यात. तुम्ही कुठं आहात, किती जण आहात, काय हत्यार आहे, कुणाला मारलं का, असे प्रश्न नकोत. मुलं ते निरागसपणे विचारतात, म्हणून पत्र शिक्षकानं एकदा वाचावं. 'तुम्ही देशासाठी मरायलाही तयार आहात' हे वाक्य मुलांच्या कागदावर सर्रास येतं. ज्याच्या घरी लेकरं आहेत त्याला हे वाचून काय वाटेल याचा विचार करून ते काढायला लावावं. राजकारण, पक्ष, शेजारी देशाला शिव्या, यातलं काही नको. शांतिसेनेतला जवान तर दोन बाजूंच्या मधे, कुणाचीच बाजू न घेता उभा असतो. संबोधनात फक्त 'जवान दादा' नको. २००७ मध्ये लायबेरियात गेलेलं पूर्ण महिलांचं पोलीस पथक भारताचं होतं, ते जगातलं तसलं पहिलं. २०२३ च्या जानेवारीत सुदान आणि दक्षिण सुदानच्या सीमेवरच्या अबेईत आपल्या महिला सैनिकांची प्लाटून गेली. पत्र पलटणीच्या नावानं जात असेल तर 'प्रिय दादा किंवा ताई' लिहावं, नाव माहीत असेल तर नावानं.

आणि भाषा. इथं सोलापूरकडे असं काही आहे जे फार थोड्या शहरांकडे असेल. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरं आहेत. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातलं पोर आजीशी तेलुगूत बोलतं, अक्कलकोटकडचं घरी कन्नड बोलतं. फौजेत मद्रास रेजिमेंट आहे, बेंगळुरूचे मद्रास सॅपर्स आहेत, त्यांत तेलुगू आणि कन्नड वाचणारे जवान भरपूर. बेळगावला केंद्र असलेली, १७६८ पासूनची मराठा लाइट इन्फंट्री, महार रेजिमेंट, खडकीचे बॉम्बे सॅपर्स यांत मराठी वाचणारे. महाराष्ट्रातून आलेलं पत्र कन्नडमध्ये निघालं तर कलबुर्गीच्या जवानाला काय आनंद होईल! पण बहुतेक शाळा 'सगळ्यांना कळावं' म्हणून सरसकट हिंदीत लिहून घेतात आणि मुलांना हिंदी लिहिताना शब्द सुचत नाहीत, मग तीच ठरावीक वाक्यं येतात. कुठल्या पलटणीला चाललंय हे माहीत असेल तर घरची भाषा मोकळी सोडावी. माहीत नसेल तर वर दोन ओळी हिंदीत, खाली मुलाच्या भाषेत. कागदाच्या कोपऱ्यात भाषेचं नाव लिहावं, म्हणजे पलटणीत वाटणाऱ्याला सोपं जातं.

कागद साधा घ्यावा. ८० जीएसएमच्या ए-फोर कागदाचं वजन बरोबर ५ ग्रॅम भरतं. तीन कागद आणि पाकीट मिळून २० ग्रॅमच्या आसपास जातात, चौथा कागद घातला की तिकीट वाढतं. कमी तिकिटाचं पत्र नॉटपेड होतं आणि भुर्दंड ज्याचे आभार मानायचे त्याच्यावर पडतो, तेव्हा पोस्टात वजन करूनच लावावं. बॉलपेननं लिहावं. जेलपेनची शाई ओल लागली की पसरते आणि पेन्सिल घासून पुसट होते. स्टेपल आणि टाचण्या नकोत, चमकी तर अजिबात नको. ती हाताला, कपड्याला, गणवेशाला चिकटते आणि निघता निघत नाही. ज्याला अंधारात न दिसणं महत्त्वाचं आहे त्याच्या अंगावर ती आपण पाठवू नये. वर्गाची पत्रं वेगवेगळी चिकटवू नयेत. चाळीस कागद म्हणजे २०० ग्रॅम, ते एकाच मोठ्या पाकिटात, मागंपुढं पुठ्ठा लावून, आत प्लास्टिकची पिशवी करून पाठवावेत. पावसाळ्यात तर ती पिशवी हवीच. नोंद हवी म्हणून रजिस्टर एडी मागायची आपल्याकडे सवय आहे, पण २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, खिडकीवर स्पीड पोस्टच मागावं लागतं. मागच्या बाजूला शाळेचा पत्ता हवा, मुलाच्या घरचा नाही. आतही मुलाचं पहिलं नाव आणि इयत्ता एवढंच पुरे.

राखीच्या पाकिटात आपण हळदकुंकवाची पुडी आणि अक्षता घालतो. देशातल्या चौकीवर ते चालून जातं, परदेशी नाही. पूड सांडलेलं पाकीट कुठल्याही विमानतळावर संशयास्पद ठरतं आणि तांदूळ म्हणजे धान्य, ते परक्या देशात अडवलं जातं. पुडीचा धसका उगीच नाही. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची पूड पाठवली गेली, त्यानंतर तिथल्या संरक्षण खात्यानं 'कोणत्याही सैनिकास' अशा बिननावी पत्त्याचं टपाल घेणंच बंद केलं. राखी पातळ धाग्याची घ्यावी. खड्यांची, जाड फुलांची राखी शिक्क्याखाली चेपते आणि पाकीट फाडते.

खाऊचा मोह सोलापुरात आवरणं कठीण. शेंगा चटणी, कडक भाकरी, तीळगूळ पाठवावंसं वाटणारच. देशातल्या पत्त्यावर जरूर पाठवा, पण कुटलेल्या शेंगांचं तेल सुटतं हे धरून चटणी दोन पिशव्यांत आणि वर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, नाहीतर पार्सलबरोबरची पत्रं तेलकट होऊन वाचता येत नाहीत. कडक भाकरी टिकते, कारण तिच्यात पाणी उरलेलं नसतं, पण वाटेत चुरा होतो. कागदाचे बोळे सगळीकडून ठासून भरले तरच निम्म्या तरी अख्ख्या पोचतात. चादर पाठवायची तर देशातच. मिशनवरच्या तुकडीला अंथरूण-पांघरूण सरकारातून मिळतं आणि तिकडं पार्सल म्हटलं की जकात, तपासणी, मुदत हे सगळं मागं लागतं. परदेशी फक्त कागद जाऊ द्या.

उत्तराची अपेक्षा मुलांना लावून ठेवू नये. पलटणीकडून कधी चार ओळींचं आभारपत्र येतं, कधी काहीच येत नाही, कधी 'सदर व्यक्ती येथे नाही' असा शेरा मारलेलं पाकीट परत येतं. परत आलेलं पाकीट मुलांपासून लपवू नये. जवान मुदत संपवून घरी गेला, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो. उत्तर आलंच तर ज्यानं लिहिलं होतं त्याच मुलाकडून आठवड्याभरात दुसरं पत्र जावं, कारण पुढच्या महिन्यात तुकडी हलली असेल. पत्त्यांची एक वही करावी : पलटण, तुकडी गेल्याचा महिना, पत्र टाकल्याची तारीख, स्पीड पोस्टचा क्रमांक, आलं ते उत्तर. जूनमध्ये वर्ग बदलतात, शिक्षकांच्या बदल्या होतात, तेव्हा ही वही कुणा एकाच्या कपाटात न ठेवता शाळेच्या कार्यालयात कुलपात ठेवावी. तिच्या पानांचे, किंवा पत्ता लिहिलेल्या पाकिटांचे फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नयेत. फोटो हवाच असेल तर पाकिटं पालथी ठेवून मुलांचा काढावा.